‘सरिका’ आणि स्वामित्वहक्क

इस्लामी परंपरेत बौद्धिक संपदेची कल्पना होती काय, हा प्रश्न सामान्यतः फिक्हच्या, म्हणजे विधिशास्त्राच्या, ग्रंथांना विचारला जातो. अरबी साहित्यशास्त्राची साक्ष त्यात क्वचितच घेतली जाते. वस्तुतः ‘सरिका’ (चोरी) ही एकच संज्ञा या दोन्ही शास्त्रांत वावरते. मात्र दोन्हींकडे तिचा विषय एक नाही.

मर्गीनानी (मृत्यू ११९७) या हनफी विधिज्ञाच्या ‘हिदाया’नुसार ग्रंथचोराला हस्तच्छेदाची शिक्षा नाही, हिशेबाच्या वह्या मात्र याला अपवाद आहेत. त्यामागील युक्तिवाद मार्मिक आहे. ग्रंथ घेणाऱ्याला हवा असतो तो आतील मजकूर, आणि मजकूर हा ‘माल’ नव्हे. हिशेबाच्या वहीतील मजकूर परक्याच्या उपयोगाचा नसतो. तेथे चोराचा डोळा कागदावर असतो. म्हणजे जे चोरण्याजोगे आहे ते मालमत्ता नाही, आणि जी मालमत्ता आहे ती येथे उद्दिष्ट नाही.

साहित्यशास्त्रात याच्या नेमके उलट घडते. तेथे आरोप असतो तो मजकुराच्याच चोरीचा. आमिदीने अबू तम्माम व बुहतुरी यांची तुलना करताना ही संज्ञा काटेकोर केली : सर्वांच्या वहिवाटीतील अर्थ चोरता येत नाही, एखाद्या कवीने नव्याने घडविलेला अर्थच चोरता येतो. अबू हिलाल अल्-अस्करी याहून पुढे जातो. घेतलेल्या अर्थाला ज्याने अधिक सुंदर रूप दिले, त्याचा त्यावरील अधिकार पूर्वसूरींपेक्षा मोठा, असे तो मानतो. येथील ‘अधिकार’ श्रेयाचा आहे, मोबदल्याचा नव्हे.

हे अंतर विसाव्या शतकात मिटविले गेले. १९८८ साली कुवेत येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह परिषदेच्या अधिवेशनाने ग्रंथकर्तृत्व, शोध, व्यापारनाम व व्यापारचिन्ह यांवरील हक्क शरियतीने संरक्षित ठरविले. आधार घेतला तो ‘उर्फ’चा : आधुनिक व्यवहारात या गोष्टींना आर्थिक मूल्य आले आहे. म्हणजेच मजकूर ‘माल’ का नव्हे, या जुन्या तर्काचे खंडन न होता ‘माल’ ठरविण्याचे माप बदलले. हा बदल सर्वमान्य नव्हता. पाकिस्तानातील मुफ्ती मुहंमद शफी (मृत्यू १९७६) यांनी प्रकाशनाचा हक्क राखून ठेवण्यास विरोध केला होता. त्यांचेच पुत्र तकी उस्मानी यांनी पुढे तो हक्क ग्राह्य मानला.

मात्र मूल्याच्या आधारावर उभा असलेला हक्क मूल्यहीन रचनेला काय देतो? ज्या कवितेला बाजार नाही, तिचे श्रेय कोणी लाटले तर आमिदीकडे त्याला शब्द आहे. कुवेतच्या ठरावाच्या तर्कात त्याला आधार शोधावा लागतो. मराठीतील ‘वाङ्मयचौर्य’ हा शब्दही हीच संदिग्धता वाहतो. चोरी म्हटली की मालमत्ता गृहीत धरली जाते आणि श्रेयाचा मूळ प्रश्न मागे पडतो. दोन्ही शास्त्रे एकत्र वाचण्याची निकड आहे ती यासाठी.