दवंडी कुणाची?

येरमाळ्यात चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते, तेव्हा भोंगे एकमेकांवर ओरडत असतात. तिथंच आमच्या एका गायक दोस्ताला म्हटलं, नवं गाणं काढलंस तर लोकांना सांग की! तो म्हणाला, "न्हाई बा. आपलं आपणच सांगायचं म्हंजे बाजार. गाण्यात दम आसंल तर पोचंल."

दोस्तहो, हे ऐकायला स्वच्छ आहे, पण खोटं आहे. गाणं आपोआप पोचत नाही, कुणीतरी पाय झिजवतं. देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) वस्तीवस्तीत गात हिंडले, म्हणून पोचले. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव ते गुंफायचे. ही शाहिरीतली जुनी रीत, मालकीची खूण. ते कडवं गाळलं की नाव गेलं. मग गाणं 'पारंपरिक' ठरतं आणि पैसा भलत्याच्याच गल्ल्यात पडतो.

धोका आहे, कबूल. दवंडी गाण्याची की थोबाडाची, हे तपासलंच पाहिजे. पोस्टरवरचा फोटो वाढत गेला आणि कडव्यातला बाबासाहेबांचा विचार आटत गेला, तर ती दलालीच. वामनदादांचं नाव शेवटी यायचं, विचार आधी. हा क्रम उलटा करू नका.

आमच्या बापजाद्यांनी गावाची दवंडी दिली, मयताचा सांगावा उन्हातान्हात पोचवला. सगळं दुसऱ्याचं. आता आपल्या गाण्याची दवंडी द्यायला लाज कसली? लाजायचंच तर पोकळ गाण्याला लाजा.