‘संघभण्ड’ म्हणजे पूजासाहित्य नव्हे

बँकॉकमधील वाट सुथात या विहाराजवळ, बामरुंग मुआंग रस्त्यावर, बुद्धमूर्ती, चीवरे, भिक्षापात्रे आणि उदबत्त्या विकणारी दुकाने ओळीने आहेत. या वस्तूंना थाई लोक ‘सांखफन’ म्हणतात. मराठीत ‘पूजासाहित्य’ असे त्याचे भाषांतर सहज सुचते. परंतु ते मला मान्य नाही.

थाई भाषेने पालीतील घोष महाप्राण वर्ण बोलण्यात अघोष केले, लेखनात मात्र निष्ठेने जपले. म्हणून हा शब्द लिहिला जातो ‘संघभण्ड’ असाच. शेवटचे अक्षर उच्चारू नये एवढ्यापुरती त्यावर खूण असते. भण्ड म्हणजे माल, वस्तू, उपकरण. भुकूमच्या कोणत्याही स्वयंपाकघरातले ‘भांडे’ याच कुळातले; ‘भांडार’ही त्याचेच. या शब्दात पूजेचा लवलेश नाही.

महावग्गातील चीवरक्खन्धकात मृत भिक्खूच्या वस्तूंचा निवाडा आहे. लहुभण्ड, म्हणजे किरकोळ वस्तू, उपस्थित संघाने वाटून घ्याव्यात. गरुभण्ड मात्र चारी दिशांच्या संघाचे, आलेल्यांचे आणि अजून यावयाच्या भिक्खूंचेही. त्याची वाटणी होत नाही. चुल्लवग्गात अशा अदेय वस्तूंमध्ये धातूची भांडी, कुऱ्हाड, कुदळ येतात. कुदळीला कोणी उदबत्ती ओवाळीत नाही!

हीच दृष्टी नाशिकच्या लेणे क्रमांक 10 मधील उषवदाताच्या लेखात दिसते. लेणे चातुदिस संघाला देऊन त्याने 3,000 कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी 2,000 वर दरमहा शेकडा 1 व्याज. वर्षाचे 240 होतात. वर्षावासातील 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12, असा हिशेब चोख जुळतो. मुद्दल परत द्यावयाचे नाही, व्याजच भोगावयाचे.

थाई उपासक साबण, दंतमंजन, चीवर भरलेली पिवळी बादली संघाला देतात. तिला कर्मकांड म्हणून हसणे आपल्याकडे सोपे वाटते. पण तीत निदान वापरण्याची वस्तू असते. उषवदाताच्या दानाशी तिचे नाते त्याच दुकानातल्या शोभिवंत मखरापेक्षा जवळचे आहे.

आपल्या काही विहारांच्या नोंदवहीत सतरंज्या, पातेली, ग्रंथांची कपाटे ‘पूजासाहित्य’ या सदरात पडतात आणि समिती बदलली की त्यांचा पत्ता लागत नाही. त्या सदराचे नाव ‘संघभण्ड’ असे करावे आणि शेजारी ‘वाटू नये’ एवढे दोन शब्द लिहावेत, अशी माझी सूचना आहे.