तळहातावरचे पॅरिस

मंडळाच्या कार्यक्रमात तीन अंकी नाटक दोन तासांत बसवायचे म्हटले की दिग्दर्शकाला कात्री हाती घ्यावी लागते. काय ठेवले आणि काय गाळले, यावरून त्याला नाटक कितपत कळले आहे ते प्रेक्षकांच्या लक्षात येते. कॉम्प्युटरवरचा मोठा खेळ हातात मावणाऱ्या यंत्रावर आणतानाही हीच परीक्षा असते. 'ब्रोकन स्वोर्ड' या खेळाने ती दोनदा दिली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार्ल्स सेसिल यांच्या 'रेव्होल्यूशन' या इंग्लंडमधल्या कंपनीने तो १९९६ साली काढला. जॉर्ज नावाचा अमेरिकन प्रवासी पॅरिसच्या एका कॅफेबाहेर बसलेला असतो. विदूषकाच्या वेषातला एक माणूस येतो, एका म्हाताऱ्याची बॅग पळवतो आणि पाठोपाठ कॅफेत स्फोट होतो. पुढे निको ही पत्रकार भेटते आणि धागा मध्ययुगातल्या टेम्पलर सरदारांपर्यंत जातो. इथे गोळीबार नाही, बोटांची चपळाईही फारशी लागत नाही. नीट बघायचे, चार माणसांशी बोलायचे आणि डोके चालवायचे. रस्ता खणणाऱ्या कामगाराला वर्तमानपत्र दिले की तो घोड्यांच्या शर्यतींचे पान बघतो आणि फोन करायला निघून जातो. मग त्याच्या पेटीतल्या हत्याराने गटाराचे झाकण उघडायचे! असे दुवे जुळले की होणारा आनंद शब्दकोडे सुटल्यासारखा असतो.

पहिली छोटी आवृत्ती २००२ साली गेम बॉय ॲडव्हान्सवर आली. मूळ पडदा ६४० बाय ४८० ठिपक्यांचा, इथला २४० बाय १६०, म्हणजे बरोबर एक अष्टमांश. पात्रांचे आवाज गेले, सगळे संवाद वाचायचे. पण मला खरे नुकसान वेगळेच वाटते. माऊसचा बाण गेला आणि बटणांनी जॉर्जला चालवत न्यायचे आले. मूळ खेळात आपली नजर आधी चित्रभर हिंडायची, जॉर्ज मागून जायचा. इथे आधी जॉर्जला वस्तूजवळ न्यायचे, मग बघायचे. शोधाचा क्रमच उलटा झाला. तरीही कथा आणि कोडी एवढ्याशा यंत्रात बसवणे ही कमाई लहान नव्हती.

दुसरी आवृत्ती २००९ साली निन्टेंडो डीएसवर आली. पडद्यावर स्टायलस टेकवायची सोय असल्याने बघण्याचा आनंद परत मिळाला. आवाज याही वेळी नव्हते, पण 'वॉचमेन'चे चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी काढलेले चेहरे संवादाबरोबर दिसतात आणि आवाजाची उणीव बरीच भरून काढतात. ही कात्री जाणकाराची!

मात्र याच आवृत्तीत दोन गोष्टी खटकतात. सुरुवातीला निकोचा नवा भाग जोडला आहे आणि त्यात वेषांतर केलेला खुनी आधीच दिसतो. त्यामुळे शांत दुपारी कॅफेत होणाऱ्या स्फोटाचा धक्का बोथट होतो. दुसरी गोष्ट कोड्यांची. आयर्लंडमधल्या पडक्या किल्ल्यातल्या बकऱ्याने किती खेळाडूंना रडवले असेल! तो ढुशी मारून जॉर्जला पाडतो आणि नेमक्या क्षणी जवळच्या नांगराकडे धाव घेतली तरच त्याची दोरी अडकते. नव्या आवृत्तीत ही वेळेची अट काढून टाकली. शिवाय अडलो की पायरीपायरीने मदत मिळते.

मदत वाईट असे मी म्हणत नाही. पण आमच्या घरी हा खेळ एकट्याने कधीच खेळला गेला नाही. मुलगी माऊस धरायची, धाकटा खुर्चीच्या हातावर आणि मी मागे उभी. बकऱ्यावर तर जेवणाच्या टेबलावर दोन दिवस खल झाला. तोही मराठीत, कारण सगळे एकदम बोलायला लागले की मुलेसुद्धा मराठीवर येत! छोट्या यंत्रावर एकच डोके वाकलेले असते. शेजारी दुसऱ्याला बसायला जागाच नाही, म्हणून यंत्राला स्वतःच शेजारी व्हावे लागते. ते उत्तर देते, पण हुज्जत घालत नाही.

२०२४ साली हा खेळ नव्या चित्रांसह पुन्हा निघाला, तेव्हा निकोचा जोडलेला भाग घेतला नाही आणि मदत हवी की नको हे खेळणाऱ्यावर सोपवले. दोन्ही निर्णय मला पटले.

डीएसची प्रत हाती लागली तर मुलांना जरूर द्या, लांबच्या प्रवासात सोबत चांगली होते. पण घरी असताना मोठ्या पडद्यावरच खेळा, मदत बंद ठेवा आणि आजीआजोबा आलेले असतील तर त्यांनाही बोलवा. वर्तमानपत्राची युक्ती आजोबांना आधी सुचेल, असा माझा अंदाज आहे.