अर्ध्या डब्याचं काय करायचं?

स्वीडनमधल्या एका प्रयोगशाळेतली माणसं एकमेकांना फोन करतात. "हॅलो माइक." "हॅलो जो." चेहऱ्यावरची रेष हलत नाही. पाठ केलेली वाक्यं शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हणतात तशी म्हटली जातात. मग कुणीतरी कॉम्प्युटरपाशी जाऊन एक्स्चेंज चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बदल करतं, फोनवरचं बोलणं चालू असतानाच नवा कोड आत जातो, आणि बोलणं तुटत नाही. 'एर्लँग: द मूव्ही' या साधारण बारा मिनिटांच्या फिल्मची गोष्ट एवढीच. १९९०च्या सुमारास एरिक्सनच्या कॉम्प्युटर सायन्स लॅबने ती केली. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स या तिघांनी एर्लँग ही भाषा घडवली आणि फिल्ममध्येही तेच आहेत. यूट्यूबवर ती आता विनोदी क्लिप म्हणून फिरते. मी पहिल्यांदा कॉलेजच्या हॉस्टेलवर पाहिली तेव्हा आम्ही सगळे लोळून हसलो होतो.

या वर्षी मी ती परत पाहिली आणि हसू आलं नाही. थोडा रागच आला.

तो राग कशाचा, हे सांगण्यासाठी आधी एवढं सांगते की ही भाषा तुमच्यापासून फार लांब नाही. या लेखाची लिंक तुम्हाला व्हॉट्सॲपवर आली असेल, तर ती एर्लँगमधून गेलेली आहे. व्हॉट्सॲपचे सर्व्हर याच भाषेत लिहिलेले आहेत. टेलिफोन एक्स्चेंज रात्री दोन वाजताही 'अपडेट चालू आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा' म्हणू शकत नाही, कारण तेव्हाच कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावत असतं. या गरजेतून एर्लँगमध्ये चालता प्रोग्रॅम न थांबवता बदलायची सोय आली. माझ्या नोकरीत आम्ही रात्री दोनलाच सगळं बंद करून पुन्हा सुरू करतो आणि त्याला 'डिप्लॉयमेंट विंडो' असं छान नाव आहे. तेव्हा ही सोय स्वतःच्या हाताने एकदा करून पाहायची, असं कधीपासून मनात होतं.

गेल्या उन्हाळ्यात वर्क फ्रॉम होम घेऊन सांगलीला घरी होते. आई डबे देते. विश्रामबागेतली काही हॉस्टेलची मुलं, बँकेतली माणसं, दोन-तीन एकटे आजोबा. कुणाचे किती डबे, कोण आज सुट्टीवर, हे सगळं तिच्या वहीत. मी जुन्या लॅपटॉपवर एर्लँगमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे डब्यांचा आकडा, बस. मुद्दाम काहीही डिस्कवर लिहिलं नाही, सगळं चालत्या प्रोसेसच्या मेमरीत ठेवलं. कुणीही शहाणा माणूस असं करणार नाही. पण मला तोच खेळ खेळायचा होता: प्रोग्रॅम थांबला तर आकडे गेले, म्हणून थांबवायचाच नाही.

आठवडाभर ते छान चाललं. मग एक दिवस आई म्हणाली, "अगं, तो दोन नंबरचा पोरगा अर्धा डबा मागतोय. उद्यापासून तुझ्या त्या मशीनमध्ये अर्धा पण घाल."

इथून खरी गोष्ट सुरू होते.

एर्लँगचं ॲप बांधायला 'रीबार थ्री' हे साधन वापरतात. ते सगळे तुकडे एकत्र करून 'रिलीज' नावाचं गाठोडं बनवतं. त्यात तुमचा कोड, लागणाऱ्या लायब्ररी, हवं तर एर्लँगचं इंजिनसुद्धा असतं. नव्या आवृत्तीचं दुसरं गाठोडं बांधायचं, जुन्यावरून नव्यावर कसं जायचं याच्या सूचनांची 'रेलअप' नावाची फाइल तयार करून घ्यायची, ते गाठोडं चालत्या प्रोग्रॅमच्या शेजारी नेऊन ठेवायचं आणि 'अपग्रेड' म्हणायचं. ऐकायला चार पायऱ्या. पहिल्या पायरीवरच माझी संध्याकाळ गेली. नवीन प्रोजेक्ट काढला की रीबार तो 'डेव्ह' मोडमध्ये ठेवतं. या मोडमध्ये गाठोड्यात कोडची प्रत जात नाही, मूळ फोल्डरकडे बोट दाखवणारा नुसता दुवा जातो. रोजच्या कामाला हे सोयीचं, पण नवी आवृत्ती कंपाइल केली की जुन्या आवृत्तीच्या फोल्डरमध्येही नवाच कोड दिसायला लागतो. ज्या भूतकाळावरून पुढे जायचं, तोच गायब! मोड बदलून दोन्ही गाठोडी पुन्हा बांधली तेव्हा कुठे गाडी हलली. (लॅपटॉपवर करून पाहणाऱ्या प्रत्येकाला इथे ठेच लागणार. ट्यूटोरियलमध्ये ही ओळ पहिल्या पानावर ठळक अक्षरांत हवी.)

पण साधनाच्या तक्रारी हा काही माझा विषय नाही. विषय आहे तो 'ॲपअप' नावाच्या आठ-दहा ओळींच्या फाइलचा. रेलअप तिच्यावरूनच तयार होते, आणि ही फाइल माणसाने विचार करून लिहायची असते. तिच्यात तीन गोष्टी असतात: नव्या आवृत्तीचा क्रमांक, जुन्यावरून इथे यायचं तर काय करायचं याची यादी, आणि इथून जुन्यावर परत जायचं तर काय करायचं याची यादी. तिसरा भाग वाचून मी थबकले. दुसऱ्या कुठल्याच साधनाने मला इतक्या सरळपणे हे विचारलं नव्हतं. ऑफिसात डेटाबेसच्या बदलांना 'अप' आणि 'डाउन' असे दोन भाग असतात, पण 'डाउन' रिकामा सोडायची पद्धत आहे. रिव्ह्यूमध्येही कुणी विचारत नाही.

आता फिल्मबद्दलचा राग. फिल्ममध्ये कोड बदलतो, पण आत चालू असलेल्या माहितीचा आकार बदलला तर काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या बाबतीत प्रश्नच तो होता. जुन्या आवृत्तीत नावापुढे एक आकडा होता, नव्या आवृत्तीत दोन हवे होते: पूर्ण किती, अर्धे किती. नवा कोड आत टाकणं सोपं आहे. पण त्या कोडला जेव्हा जुना नुसता 'दोन' दिसेल, तेव्हा त्याने त्याचं काय करायचं? एर्लँग हे काम 'कोड चेंज' नावाच्या फंक्शनवर सोपवतं. अपग्रेडच्या वेळी प्रोसेसला क्षणभर थांबवतात, नवा कोड चढवतात, मग हे फंक्शन जुनी माहिती हातात घेऊन तिचं नव्या रूपात भाषांतर करतं आणि प्रोसेस पुन्हा चालू होते. तोवर आलेले निरोप टपालपेटीत पडून राहतात. म्हणजे 'न थांबता' हे शब्दशः खरं नाही. थांबणं असतं, पण कुणाला जाणवू नये इतकं छोटं, आणि त्या छोट्या क्षणात भाषांतर नीट व्हावं लागतं.

माझं झालं नाही.

मी लिहिलेलं भाषांतर असं होतं: आकडा आला की त्याची जोडी कर, आकडा पूर्ण डब्यांकडे, अर्ध्याकडे शून्य. रविवारी सकाळी पावणेदहाला अपग्रेड दिला. मी विसरले होते की जे गिऱ्हाईक सुट्टीवर असतं, त्याच्या नावापुढे मी आकड्याऐवजी 'सुट्टी' हा शब्द ठेवला होता. एक आजोबा मुलीकडे पुण्याला गेले होते. त्यांच्या नावापाशी फंक्शन अडखळलं, अपग्रेड अर्ध्यात मोडला आणि अख्खा नोड खाली आला. पुन्हा सुरू केला तर जुनीच आवृत्ती वर आली, पूर्ण रिकामी. त्या दिवशीची एकही नोंद नाही.

एर्लँगच्या बाजूने सांगायचं तर त्याने वागायला हवं तसंच वागलं. नवी आवृत्ती आधी नुसती 'इन्स्टॉल' होते. सगळं नीट आहे असं वाटल्यावर तिला 'पर्मनंट' म्हणायचं असतं. तोपर्यंत काही बिनसलं आणि मशीन पडली, तर ती आपोआप जुन्यावर परत येते. शहाणपणाची रचना आहे ही. पण मेमरीतलं गेलं ते गेलं. आईने काही न बोलता वही काढली आणि साडेदहाला डबे गेले. ती वही तिने बंद केलीच नव्हती. मला वाटत होतं, केली.

त्या दुपारी फ्रेड एबेर यांचं 'लर्न यू सम एर्लँग फॉर ग्रेट गुड' पुन्हा उघडलं. नो स्टार्च प्रेसने २०१३ साली काढलेलं हे पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. त्यात रेलअपवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एबेर एक छोटा गेम बांधतात, ज्यात खेळाडू आपोआप राक्षस मारतो, लूट गोळा करतो, विकतो. मग तो गेम चालू असतानाच त्यात नव्या मोहिमा घालायच्या असतात. प्रकरणात विनोद भरपूर आहेत. एका उपशीर्षकात तर डांटेच्या नरकाचं नववं वर्तुळ आहे. पण विनोदाखाली सूर प्रामाणिक आहे: हे काम अवघड आहे, आणि टाळता येत असेल तर टाळा. कॉलेजात मी हे प्रकरण चाळून सोडलं होतं, कारण मला फिल्मवाला चमत्कार हवा होता. आता वाटतं, फिल्म जिथे संपते तिथे हे प्रकरण सुरू होतं. फिल्ममधला फोन तुटत नाही हे आपण पाहतो. तो तुटू नये म्हणून कुणीतरी आधी काय काय विचार करून ठेवला, हे एबेर दाखवतात. याच लेखकाचं एक उणंही सांगायला हवं. त्यांच्या उदाहरणातली माहिती फार शहाणी आहे, तिच्यात मुलीकडे गेलेले आजोबा नाहीत.

एर्लँगच्या अधिकृत कागदपत्रांमध्ये 'ॲपअप कुकबुक' नावाचं पान आहे. नाव पाककृतीचं, चव औषधाची. अमुक बदल असेल तर अमुक सूचना लिहा, पुढचं. तरीही मला तिथल्याच रूक्ष वाक्यांच्या आसपास, सूचनांच्या व्याख्या वाचताना, या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट सापडली. पुढे जाताना आधी नवा कोड चढतो, मग भाषांतर होतं. मागे येताना क्रम उलटा: आधी भाषांतर, मग जुना कोड. म्हणजे दोन्ही वेळा भाषांतर करतो तो नवा कोडच. जुन्या कोडला नव्याची भाषा कशी येणार? तो लिहिला तेव्हा नवं जन्मालाही आलेलं नव्हतं. नव्यालाच जुन्याची भाषा यावी लागते, आणि निघून जाण्याआधी सगळं आवरून, जुन्याला कळेल अशा रूपात ठेवून जावं लागतं.

अपग्रेड दुसऱ्यांदा करताना मी पुढचं भाषांतर दहा मिनिटांत दुरुस्त केलं. 'सुट्टी' आली तर 'सुट्टी'च राहू दे. त्या वहीची प्रत काढून दुसऱ्या नोडवर चाचणीही घेतली. जे सुचत नव्हतं ते मागचं. समजा नव्या आवृत्तीत चूक निघाली आणि परत जायची वेळ आली. 'एक पूर्ण, एक अर्धा' याचं जुन्या भाषेत काय करायचं? जुन्या आवृत्तीला अर्धा माहीतच नाही. टाकून दिला तर कुणीतरी उपाशी. एक धरला तर पैसे वाढले. मूळ माहिती बाजूला कुठेतरी जपून ठेवता येते, पण त्या दिवशी आकडा काय दाखवायचा हा प्रश्न उरतोच. कुकबुक इथे गप्प आहे, आणि ते बरोबरच आहे. हा प्रश्न एर्लँगचा नाही.

हा सगळा व्याप नकोच, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि ते मूर्ख नाहीत. एर्लँगच्याच इंजिनवर चालणाऱ्या एलिक्सिर भाषेने २०१९ मध्ये रिलीज बांधायची स्वतःची सोय आणली, त्यात चालता कोड बदलण्याची सोय ठेवली नाही, आणि त्याचं कारण ही गुंतागुंत असल्याचं कागदपत्रांत स्पष्ट सांगितलं. माहिती डेटाबेसमध्ये ठेवा, प्रोग्रॅम बंद करा, नवा सुरू करा. बहुतेकांना हेच पुरतं. माझ्या ऑफिसलाही पुरतं आणि उद्या मी धंद्यासाठी काही बांधलं तर हेच करीन. माझी तक्रार एवढीच आहे की त्या वाटेने गेलं की परतीचा प्रश्न कुणी समोर आणून ठेवत नाही. तो डेटाबेसच्या त्या रिकाम्या 'डाउन'मध्ये जाऊन बसतो. ॲपअपच्या फाइलमध्ये तिसरी यादी लिहायची जागा डोळ्यांसमोर असते. तुम्ही ती रिकामी ठेवू शकता, पण मग ती रिकामी दिसते.

शेवटी मी आईलाच विचारलं. ती भाजी निवडत होती.

"समजा एक दिवस मशीनला अर्धा डबा कळेनासा झाला, तर त्या पोराला काय द्यायचं?"

"पूर्ण द्यायचा."

"आणि पैसे?"

"अर्ध्याचे. त्याने कुठे पूर्ण मागितला होता?"

मागे जाणाऱ्या भाषांतरात आता तेच आहे. अर्धा आला की एक धर. पैशांचा हिशेब माझ्या प्रोग्रॅममध्ये नाहीच, तो वहीत आहे. बुधवारी रात्री अपग्रेड चढवला, चौतीस नावं नव्या रूपात आली, आजोबा अजून सुट्टीवरच होते. गुरुवारचे डबे गेल्यावर आवृत्तीला पर्मनंट म्हटलं.