प्रवासवर्णन आणि पुसलेली राणी

इटलीतील डोंगरी गावांची मराठी वर्णने आम्ही आवडीने वाचतो. पाव, ऑलिव्हचे तेल, द्राक्षांची दारू आणि भिंतींवरील चित्रे, सारे एकाच ताटात वाढलेले असते. आमची तक्रार दारूबद्दल नाही. उर्दू गझल शिकवणाऱ्याला मय आणि साकी परके नाहीत. तक्रार घाईची आहे. सिएनाच्या नगरसभेत आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगल्या राज्यकारभाराचे भित्तिचित्र काढले. त्यात द्राक्षमळे आहेत, राबणारे शेतकरी आहेत, मुलांना शिकवणारा मास्तरही आहे. चव घेणाऱ्याने ही माणसेही पाहावीत.

घाई आपल्याकडेही आहे. अहमदनगरजवळ (आता अहिल्यानगर) डोंगरावरील 'चांदबिबीच्या महाला'त लोक डबे सोडतात, वारा खातात. वास्तविक तो सलाबतखानाचा मकबरा. चांदबिबीचे वडील हुसेन निजामशाह, आई खुंजा हुमायून. त्यांच्या काळातील 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सचित्र फारसी काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातील काही चित्रांतून राणीची आकृती पुसलेली आहे. लेकीचे नाव दुसऱ्याच्या कबरीला आणि आई चित्रातून नाहीशी! अशा रिकाम्या जागेपाशी जो थांबतो, त्यालाच आम्ही रसिक म्हणू.