ठाण्याच्या बाजाररस्त्याचा इतिहास आणि त्याचीं साधनें

ठाणें येथें मासुंदा तलावाकडून जांभळी नाक्यावरून रेल्वे स्थानकाकडे जाणारा बाजाररस्ता किती जुना, या प्रश्नास दोन उत्तरें देण्याचा प्रघात आहे. एक पक्ष इ. स. १७८७ मध्यें ठाण्याच्या किल्ल्यांत सांपडलेल्या शिलाहार अरिकेसरीच्या शके ९३९ च्या ताम्रपटाकडे बोट दाखवितो, दुसरा, ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून आलेल्या आगगाडीकडे. आमच्या मतें दोन्ही पुरावे अप्रस्तुत आहेत.

ताम्रपटावरून श्रीस्थानक हें नगर सिद्ध होतें, रस्ता नव्हे. (रेल्वेच्या ‘स्थानक’ शब्दाशीं असलेलें या नांवाचें साम्य निव्वळ योगायोगाचें आहे, त्यावर कोणीं इमला रचूं नये.) रेल्वेचा पक्ष अधिक सयुक्तिक भासतो, परंतु कल्याणकडे दृष्टि टाकतांच तो लंगडा पडतो. तेथें गाडी १ मे १८५४ रोजीं पोंचली. पण कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं व कारागिरांचीं दानें कान्हेरीच्या लेण्यांत शेंकडों वर्षें आधीं कोरलेलीं आहेत. गाडीनें व्यापाराचा ओघ वळविला, तो उत्पन्न केला नाहीं. ठाण्यासही रुळांपूर्वीं खाडी होतीच. १७३७ त मराठ्यांनीं तें पोर्तुगीजांकडून घेतलें व १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनीं मासुंद्याच्या कांठीं कौपिनेश्वराचें देऊळ बांधविलें. बाजाराचें देवळाकडील टोंक स्थानकाकडील टोंकाहून जुनें असावें, असें आम्हांस वाटतें. अर्थात् हें अनुमान आहे.

या घोटाळ्याचें मूळ १८८२ च्या गॅझेटियरच्या रचनेंत आहे. कँबेलसाहेबांच्या देखरेखीखालीं झालेला हा ग्रंथ, विशेषतः त्यांतील पंडित भगवानलाल इंद्रजी यांचें प्राचीन अवशेषांविषयींचें साह्य, अजूनही मोलाचें आहे. परंतु व्यापार तेराव्या खंडांत आणि गांवांचें वर्णन चौदाव्यांत, तेंही वर्णानुक्रमानें. अशा मांडणींत एखाद्या रस्त्याचा इतिहास दोन खंडांच्या मध्यें हरवतो. मागून लिहिणारांनीं चौदावा खंड उतरून घेतला, तेरावा उघडला नाहीं.

खरें साधन निराळेंच आहे. घर किंवा दुकान विकल्याच्या खतांत चतुःसीमा लिहिलेली असते : पूर्वेस अमुक याचें घर, दक्षिणेस सरकारी रस्ता, इत्यादि. एकाच पेठेचीं अशीं पांचपंचवीस खतें कालानुक्रमानें लावलीं तर रस्ता केव्हां ‘बोळ’ म्हणून लिहिला जाई आणि केव्हां ‘रस्ता’ झाला, शेजारी कोण होते, हें उलगडूं शकतें. पेढ्यांच्या रोजकीर्दी व खतावण्यांतून मालाची व येण्याजाण्याची दिशाही समजते. परंतु आम्हां संग्राहकांस शिक्कामोर्तबाचें वेड. पेठेंतील जुनीं घरें पाडून नव्या इमारती उठत असतां मोडी वह्यांचें एक बासन माझ्यापुढें आलें होतें. त्यांत एकही शिक्का नाहीं, सारें गूळ, मीठ आणि हुंडी, म्हणून मीं तें परत केलें. आठ दिवसांनीं पुन्हां गेलों, तेव्हां तें रद्दींत गेलें होतें.

ज्यांच्या संग्रहीं ठाणें वा कल्याणच्या पेठेचीं खतें असतील, त्यांनीं निदान चतुःसीमेचा मजकूर व मिति एवढें तरी नकलून ठेवावें.