पोशाखी शब्दांची झडती

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी इंग्रजीत एक वर्णनात्मक परिच्छेद लिहायला दिला होता. विषय सोपा : घरातील एखाद्या माणसाचा पोशाख. मदतीला पाठ्यपुस्तकातली विशेषणांची यादी होती. स्मार्ट, डीसेन्ट, एलिगन्ट, फॅन्सी, फॉर्मल ही एका रांगेत. शॅबी, कोर्स, रॅग्ड, टॉड्री, लाउड ही दुसऱ्या रांगेत. एका विद्यार्थिनीने आजीविषयी लिहिताना, आजी लुगड्याचा काठ 'इनसाइड' नेसायची असे वाक्य केले होते. मी त्या शब्दाखाली लाल रेघ मारून अर्धा गुण कापला. काठ आत कसा असेल? पेपर हातात पडल्यावर ती टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, ते चुकलेलं नाही. आजीला काठ आतच घ्यावा लागायचा. बाहेर दिसलेला गावाला चालत नव्हता."

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (पुस्तकरूपाने १९८६) मी वाचलेले आहे. महार बाईने लुगड्याचा काठ निऱ्यांखाली झाकूनच नेसायचे, काठ दिसू देण्याचा मान वरच्या जातीच्या बाईचा, ही हकीकत त्यात आलेली आहे. ती वाचून मी कधीकाळी अस्वस्थही झालो होतो. पण हातात लाल पेन आणि समोर इंग्रजी वाक्य आले, तेव्हा माझ्या डोक्यात वाचलेले पुस्तक नव्हते, ती यादी होती. पहिल्या पिढीत शिकलेल्या माणसाचे हे असे होते. तो शब्द शिकतो तेव्हा शब्दामागची नजरही शिकतो, आणि पुढे तीच नजर स्वतःच्या आजीकडे लावतो.

समीक्षा कवितेची, कादंबरीची आणि फार तर आत्मकथनाची करायची असते असा आपल्याकडे समज आहे. माझे म्हणणे असे की विशेषणांची यादी ही देखील एक संहिता आहे, आणि लाखो मुलांनी पाठ केलेली असल्यामुळे तिची झडती आधी घेतली पाहिजे.

'फॅन्सी' पासूनच सुरुवात करू. आज तालुक्याच्या गावातही फॅन्सी साडी सेंटर असते. बाबासाहेबांच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये १९२८ सालची एक वृत्तपत्रीय बातमी उद्धृत केलेली आहे. इंदूर जिल्ह्यातल्या काही गावांतील सवर्णांनी, त्यात पाटील आणि पटवारीही होते, बलाई जातीवर नियम लादले : जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत किंवा फॅन्सी काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, फॅन्सी झगे-पोलकी घालायची नाहीत. 'फॅन्सी' हा शब्द अर्थात बातमी लिहिणाराचा. गावच्या पाटलाच्या तोंडी दुसरा काही असेल. पण शब्द नेमका बसला आहे. 'फॅन्सी' हे 'फॅन्टसी' या शब्दाचे आखूड रूप. मूळ अर्थ कल्पना, मनाची लहर. म्हणजे बंदी काठाला नव्हती. आज हा काठ आवडला, उद्या तो, अशी मनाची लहर बलायाला असावी यालाच बंदी होती. पाठ्यपुस्तकाच्या यादीत हा शब्द 'एलिगन्ट'च्या शेजारी निरुपद्रवी होऊन बसला आहे.

यादीतला 'कोर्स' घ्या. जाडाभरडा, खरबरीत. याचा मूळ अर्थ नेहमीचा, साधारण, असा असावा. म्हणजे बहुसंख्य माणसे जे नेसत होती ते. साधारणाचे खरबरीत आणि खरबरीताचे असभ्य व्हायला काही पिढ्या पुरल्या. त्रावणकोरात नाडार बायकांनी अंग झाकण्याच्या हक्कासाठी चाळीसहून अधिक वर्षे मार खाल्ला. १८५९ साली राजाने जाहीरनामा काढला तो कसा? जाकीट घाला, किंवा कोळणींसारखे जाडेभरडे कापड अंगावर घ्या, पण वरच्या जातीच्या बायकांसारखे घ्यायचे नाही. अंग झाकायला परवानगी, पोत मात्र ठरवून दिलेला. विशेषण इथे वर्णन करीत नाही, ते हुकूम देते.

हे आपल्याच देशात झाले असे नाही. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना वसाहतीने १७३५ साली, आणि पुन्हा १७४०च्या कायद्यात, गुलामांनी कोणते कापड वापरायचे याची यादीच दिली. तिच्यात पहिले नाव 'निग्रो क्लॉथ'. माणसांच्या वर्णावरून कापडाला नाव! पुढे ऑस्नाबर्ग, कर्सी अशी मोठी नामावळी. एखाद्याने ती कापडाचा शब्दसंग्रह म्हणून वाचावी इतकी तपशीलवार. त्या यादीत 'कॅलिको'ही आहे, आणि कॅलिको म्हणजे आपल्या कोळिकोडचे, कालिकतचे नाव. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाची वस्त्रे प्रेतावरची आणि दागिने लोखंडाचे सांगितले आहेत. साउथ कॅरोलायनाच्या कायदेमंडळाने मनू वाचलेला असण्याचे कारण नाही. तरी बुद्धी तीच.

आता उलट बाजू. इंग्रजी पोशाखी शब्दांत आपल्या मुलखाची नावे भरलेली आहेत, याचा आपल्या सुशिक्षितांना अभिमान वाटतो. पायजमा, शाल, खाकी, बांधणीपासून आलेला बँडाना, छींटेपासूनचा चिंट्झ. हा अभिमान जरा तपासून घ्यावा. छपाईचे हे कापड इंग्रज बायकांना इतके आवडले की तिथल्या विणकरांच्या ओरडीमुळे पार्लमेंटला १७०० आणि १७२१ साली कायदे करून ते रोखावे लागले. आणि त्याच कापडापासून पुढे 'चिंट्झी' हे विशेषण निघाले, अर्थ : सवंग, बिनरुचीचे. 'डंगरी' तर थेट मुंबईच्या डोंगरीचे नाव. तिथे विकले जाणारे जाडे सुती कापड खलाशांच्या आणि मजुरांच्या अंगावर गेले आणि सतराव्या शतकापासून इंग्रजीत वावरू लागले. आज 'डंगरीज' म्हणून पोरीबाळींचा महागडा पोशाख मिळतो. डोंगरी आहे तिथेच आहे.

इंग्लंडातल्या गरिबांच्या वाट्यालाही हेच आले, हे सांगितले पाहिजे; नाहीतर आपण सगळे पाप गोऱ्या कातडीवर ढकलून मोकळे होऊ. 'शॉडी' म्हणजे यॉर्कशरमध्ये लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा विणलेले कापड. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बॅटली गावात हा धंदा उभा राहिला. चिंध्या निवडणाऱ्या हातांनी नवे कापड निर्माण केले आणि भाषेने त्या कापडाच्या नावाचा अर्थ 'निकृष्ट' असा केला. 'टॉड्री' हे सेंट ऑड्री या संतिणीच्या नावाच्या जत्रेतले. तिथे गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकत. साध्या बायकांनी हौसेने घेतल्या, म्हणून शब्द भडक ठरला. गरिबाची हौस कुठेही भडकच दिसते. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीतले कपडे पाहून माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेने 'लाउड' हा शब्द वापरला, तेव्हा मला ती ऑड्री आठवली. आवाज रंगाचा नव्हता. आम्ही रस्त्यावर होतो, त्याचा होता.

मराठीला मात्र इंग्रजीकडून शिकण्याची गरज नव्हती. इंग्रजीतले 'व्हाइट कॉलर' विसाव्या शतकातले. आमचा 'पांढरपेशा' मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) बसलेला आहे. फारसी 'पोश' म्हणजे नेसणारा. नांगर, हातोडा, टोपले हाती न धरणाऱ्या जातींचे नाव त्यांच्या धुतलेल्या कपड्यांवरून पडले. धुणारा परीट त्यात नव्हता. दलित समीक्षेने पांढरपेशे साहित्य, पांढरपेशी जाणीव असे शब्द गेली पन्नास वर्षे वापरले. पण आपला हा मुख्य टीकाशब्द कापडाचा आहे, याकडे आपलेही लक्ष क्वचितच गेले.

म्हणूनच महाडची गोष्ट मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. डिसेंबर १९२७ मध्ये ज्या परिषदेत मनुस्मृती जाळली, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले ते लुगड्याविषयी आणि दागिन्यांविषयी. तुमची नेसण्याची तऱ्हा हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे. ती खूण पुसा. कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा. हातापायांतले ते जड कथलाचांदीचे अलंकार टाका. असा त्या भाषणाचा आशय होता. काही विद्वानांना हे 'अनुकरण' वाटते. त्यांनी काठ आत घेऊन एक दिवस काढून पाहावा. बायकांनी तिथल्या तिथे नेसण बदलली, तेव्हा मनूच्या दहाव्या अध्यायाचे एक पान अंगावरूनही उतरले होते.

बाबासाहेबांच्या सुटाविषयीही 'सुटाबुटातला' असा एक खास मराठी शब्द आहे, आणि तो कौतुकाने उच्चारला जात नाही. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला, त्याला 'सिंपल' म्हटले गेले. मी त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. पण साधेपणा म्हणजे असलेले सोडणे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या लंगोटीच नेमून दिली होती त्याने लंगोटी लावली तर तिला कोणी सिंपल म्हणत नाही, शॅबी म्हणतात. दोन्ही शब्द त्याच यादीत आहेत. कोणासाठी कोणता, ते यादी सांगत नाही.

महाविद्यालयात दरवर्षी 'ट्रॅडिशनल डे' होतो. कोणी 'एथनिक' असेही छापतात. (इंग्रजीत एथनिक म्हणजे पूर्वी ख्रिस्ती वा ज्यू नसलेला, पाखंडी, आज सूट 'फॉर्मल' आणि नऊवारी 'एथनिक' हा भेद तिथूनच येतो.) मुली नथ घालतात, मुले फेटे बांधतात. मागे एका विद्यार्थ्याने मला विचारले, सर, आमचे ट्रॅडिशनल काय? मी फेटा बांध म्हणालो. खरे उत्तर मला ठाऊक होते. मढ्यावरचे कापड हा आमच्या वाडवडिलांचा हक्क मानला जाई. ते नेसून तो मुलगा आला असता तर परीक्षकांनी त्याला कोणता क्रमांक दिला असता?

दुकानात सध्या मुद्दाम फाडलेली, विटवलेली जीनची पँट मिळते. तिचे इंग्रजी नाव 'डिस्ट्रेस्ड'. दुःख भोगलेली पँट! हे विटवणे पूर्वी सर्रास वाळूचा झोत मारून करीत. ती धूळ फुप्फुसात जाऊन तुर्कस्तानातले तरुण कामगार सिलिकोसिसने मेले, तेव्हा २००९ साली तिथल्या सरकारने ही पद्धत बंद केली. म्हणजे त्या शब्दातले दुःख खरे होते. फक्त ते कापडाचे नव्हते. आमच्या घरी बोहारीण यायची, भांड्यावर जुने कपडे न्यायची; आई मात्र तिच्याकडूनच माझी शाळेची पँट घ्यायची. त्या पँटीच्या गुडघ्याला विरलेला भाग होता. तिला डिस्ट्रेस्ड म्हणतात हे मला तेव्हा कळले असते तर बरे झाले असते, मागच्या बाकावर बसावे लागले नसते.

'फॅशन' हा शब्दच पाहा. लॅटिनमधल्या 'करणे, घडवणे' या धातूपासून तो आला. मुळात फॅशन म्हणजे घडण. घडवण्याचा शब्द मिरवण्याचा झाला आणि घडवणारा त्यातून गळून पडला.

याचे ताजे उदाहरण आपल्या अगदी पायाशी आहे. जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा कंपनीने पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात अंगठ्याची चप्पल दाखवली आणि तिचे वर्णन केले 'लेदर सँडल्स'. महाराष्ट्रात संताप झाला, मग कंपनीने भारतीय पारंपरिक हस्तकलेची प्रेरणा असल्याचे मान्य केले, आणि वर्षअखेरीस महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. संताप योग्यच होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. पण त्या संतापाचे शब्द काय होते? मातीचा मान, मराठी अस्मिता, कोल्हापूरची शान. कातडे कमावणारा ढोर, चप्पल शिवणारा चांभार, सीमेपलीकडचा समगार, यांची नावे फार थोड्यांनी घेतली. इटलीच्या इंग्रजीने कोल्हापूर गाळले, कोल्हापूरच्या मराठीने चांभार गाळला. 'चांभारचौकशी' हा शब्द मात्र आपल्या वर्तमानपत्रांत सुखाने नांदतो.

आपल्यातले काही तरुण म्हणतात, मग ही इंग्रजी विशेषणे टाकूनच द्या. मला ते पटत नाही. मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला 'फॉर्मल'चा अर्थ कळलाच पाहिजे, नाहीतर तो दारातूनच परत येईल. शब्द शिकवायचे, आणि त्यांच्या खिशात काय आहे तेही दाखवायचे. शिवाय इंग्रजीला आपल्याकडून घेण्यासारखे बरेच आहे. लुगडे नेसतात, सदरा घालतात, घोंगडी पांघरतात, पटका बांधतात, दागिने लेतात. इंग्रजीचे बहुतेक काम एका 'वेअर'वर भागते. आत्मकथनांच्या भाषांतरात लुगड्याची सरसकट 'सारी' झाली, वाकळेची 'क्विल्ट' झाली, की काठ आत होता की बाहेर हे वाचकाला विचारावेसेही वाटणार नाही.

चपलेचेच घ्या. कानवली, कापशी, पुकरी ही तिची प्रकारनावे. अंगठा, कान ही तिच्या अवयवांची. कारागिराच्या घरातले पोर हे सारे चालता येण्याआधी ऐकते. यंदा मी यादी फळ्यावर लिहिली तेव्हा तिसरी रांग कोरी ठेवली आणि वर्गाला ती भरायला सांगितली. कोल्हापूरकडचा एक मुलगा उठला, खडू घेतला, 'कानवली' लिहिले आणि थांबला. पुढचे शब्द वडिलांना विचारून उद्या लिहितो म्हणाला. आजीच्या काठाबद्दल लिहिणाऱ्या त्या मुलीचा अर्धा गुण मी तिला परत दिलेला आहे. पण गुणपत्रिका आधीच कार्यालयात गेली होती, त्यामुळे तिथे तो कापलेलाच राहिला.